खारघरच्या भिंती आणि नावाची पत

शीव–पनवेल महामार्ग सोडून खारघरच्या दिशेने वळले की प्रथम नजरेत भरतो तो डोंगर. पावसाळ्यात त्याच्या कड्यावरून पांडवकडा धबधबा कोसळतो. उन्हाळ्यात तोच कडा कोरडा, काळा, उघडा दिसतो. डोंगरमाथ्यावर फणसवाडी, चाफेवाडी या आदिवासी वाड्या आहेत. खाली ओवे, मुर्बी, बेलपाडा, कोपरा ही जुनी आगरी गावे. या दोहोंच्या मधोमध सिडकोने आखलेल्या सेक्टरांचे शहर पसरले आहे. उत्सव चौक, शिल्प चौक, सेंट्रल पार्क, गोल्फचे मैदान ही त्याची ओळख. नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर–पेंधर मेट्रोही त्यात सामील झाली आहे.

या शहरात व्यापारी कुटुंबे कशी आली, याचा इतिहास बाजारपेठांच्या स्थलांतरात दडलेला आहे. मसजिद बंदर आणि दाणाबंदर येथील घाऊक व्यापार तुर्भ्याच्या बाजार समितीत हलला, लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीत उभा राहिला, आणि पेढ्यांमागोमाग घरेही खाडी ओलांडून आली. आधी वाशी, मग नेरूळ-बेलापूर, पुढे जागा ऐसपैस आणि त्या मानाने आवाक्यातली म्हणून खारघर. चिंचपोकळीच्या किंवा काळबादेवीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या पिढीला येथे प्रथमच मोठी बैठकीची खोली मिळाली. त्या खोलीबरोबर एक मोठी रिकामी भिंतही मिळाली.

गृहसजावटीच्या दुकानांत त्या भिंतीसाठी दोन प्रकारची चित्रे हमखास मांडलेली असतात. एक वारली: गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचा तारपा नाच. दुसरी, दुकानदार ज्यांना ‘आफ्रिकन लेडी’ म्हणतात ती: लांब मानेच्या, डोक्यावर घट घेतलेल्या, कमनीय काळ्या स्त्रिया; कधी कॅनव्हासवर, कधी रेझिनच्या मूर्तींत, बहुधा तिघींच्या संचात. दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी टांगलेले असतात. दोन्ही बहुधा यंत्रावर छापलेले किंवा साच्यातून काढलेले असतात. आणि दोन्हींच्या पाठीमागे किंमत लिहिलेली असते, नाव मात्र नसते.

या दोन चित्रांचे एकमेकांशी नाते आहे. ते नाते सजावटीच्या दुकानात जुळले नाही. ते 1989 साली पॅरिसमध्ये जुळले. तिथवर पोहोचण्याची वाट खारघरच्या शेजारूनच निघते.

हाटापासून गंजाडपर्यंत

खारघरच्या सेक्टर 4 मध्ये राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे निफ्टचे, मुंबई केंद्र आहे. वस्त्ररचना, विणकाम, छपाई शिकणारे विद्यार्थी येथून देशातील कारागिरांच्या वस्त्यांवर जातात, तेथील कामाच्या पद्धती नोंदवतात. रेल्वेने एक स्थानक मागे, बेलापूरला, टेकडीच्या उतारावर अर्बन हाट आहे. देशभरातील कारागीर तेथे काही दिवसांसाठी गाळे मांडतात, माल विकतात आणि पुढच्या जत्रेकडे निघतात. हातमागाचे कापड, लाकडी खेळणी, माती, बांबू यांच्यामध्ये वारली चित्रांचा गाळा असतोच. सजावटीच्या दुकानात आणि या गाळ्यात मुख्य फरक एवढाच की येथे चित्र काढणारा चित्राच्या बाजूला बसलेला असतो. त्याला गाव विचारता येते. उत्तर बहुधा पालघर जिल्ह्यातील असते: डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार.

डहाणू तालुक्यातील गंजाड हे या कलेच्या आधुनिक इतिहासातले मुख्य गाव. वारली चित्र ही मुळात लग्नघराची गोष्ट. सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. ‘काढतात’ असे न म्हणता ‘लिहितात’ असेच म्हणण्याची तेथे रीत आहे. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. लग्नाचे विधी चालवणारी धवलेरी गाते, आणि चौकाशिवाय लग्न पुरे होत नाही. विधी संपला की चित्राचे कामही संपले. पुढच्या पावसाळ्यात ते ओलीने पुसले जाई. त्याची विक्री कोणाच्या मनातही नव्हती, आणि त्यावर नाव घालण्याचा तर प्रश्नच नव्हता.

1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात आले. याआधी बिहारमधील दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद देऊन त्यांची भित्तिचित्रे कागदावर आणण्याच्या कामात त्यांचा वाटा होता. गंजाडमध्ये त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. स्त्रियांचे मानले गेलेले काम हा पुरुष विधीच्या बाहेर, रोजच्या रोज, केवळ मनाच्या ओढीने करीत होता. पेरणी, मासेमारीचे जाळे, मुंग्यांची वारुळे, झाडावर चढणारा माणूस, तारप्याभोवती फिरणारी माणसांची साखळी, असे सारे जग त्यांच्या रेषेत उतरले. 1976 मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 15 मे 2018 रोजी त्यांचे निधन झाले.

म्हसे यांच्या यशाचा खरा हिशोब पुरस्कारांच्या यादीत मावत नाही. एका माणसाच्या चित्रांना दाम आणि नाव मिळाले, हे पाहून त्यांच्या मुलांनी, मग शेजाऱ्यांनी, मग तालुक्यातील शेकडो तरुणांनी हाती काडी घेतली. भातशेतीनंतरचे सात-आठ महिने वीटभट्टीवर किंवा मुंबईच्या बांधकामांवर मजुरीला जाणे हा या भागाचा जुना क्रम. ज्या घरात चित्र विकले जाऊ लागले, त्या घरापुरता हा क्रम थोडा ढिला झाला. कलेभोवती वस्ती वाढते म्हणजे काय, ते गंजाडमध्ये पाहता येते.

पॅरिसमध्ये शेजार

मे 1989 मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रात आणि ला व्हिलेतच्या जुन्या बाजार-इमारतीत एक प्रदर्शन उघडले. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘पृथ्वीचे जादूगार’. संयोजक होते जाँ-ह्यूबेर मार्तँ. तोवर युरोपातील मोठ्या कलासंग्रहालयांचा रिवाज ठरलेला होता: युरोप-अमेरिकेतील माणसाने केले तर ती आधुनिक कला, आफ्रिका-आशियातील खेड्यात झाले तर तो मानववंशशास्त्राचा नमुना. पहिल्याचे नाव पाटीवर, दुसऱ्याच्या पाटीवर फक्त जमातीचे नाव. मार्तँ यांनी जगभरातील शंभरावर कलावंत निवडले. त्यांतले निम्मे पाश्चात्त्य जगातले, निम्मे बाहेरचे. आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या नावाने बोलावले.

या यादीत गंजाडचे जिव्या सोमा म्हसे होते. त्याच यादीत कोंगोचे शेरी सांबा, आयव्हरी कोस्टचे फ्रेदेरिक ब्रुली बुआब्रे आणि दक्षिण आफ्रिकेच्या एस्थर माहलांगू होत्या. या प्रदर्शनावर टीकाही पुष्कळ झाली; खेड्यातील कलावंतांना युरोपने आपल्या कौतुकासाठी मांडले, असे अनेकांनी म्हटले. तरी एक गोष्ट घडली. डहाणूची भिंत आणि आफ्रिकेची भिंत एकाच छताखाली, आपापल्या धन्याच्या नावाने उभी राहिली. खारघरच्या दुकानात शेजारी टांगलेल्या त्या दोन निनावी चित्रांच्या मागे हा इतिहास आहे.

माहलांगूंची भिंत, टिंगाटिंगाचे झाड

एस्थर माहलांगू यांचा जन्म 1935 चा. त्या न्देबेले समाजाच्या. 1883 मध्ये बोअर सैन्याकडून झालेल्या पराभवानंतर या समाजाची जमीन गेली आणि कुटुंबे गोऱ्या शेतकऱ्यांच्या मळ्यांवर सक्तीच्या मजुरीसाठी विखुरली. अशा दिवसांत स्त्रियांनी घरांच्या भिंती रंगवणे सोडले नाही. ठसठशीत काळ्या रेषांनी बांधलेले त्रिकोण, चौकटी, पायऱ्या: दुरून पाहिले तरी कळावे की येथे न्देबेले राहतात. भिंत हीच त्यांची जमीन, तोच सातबारा. आईने मुलीला आणि आजीने नातीला शिकवावे, अशी ही विद्या. माहलांगू दहा वर्षांच्या असताना शिकू लागल्या.

पॅरिसमध्ये त्यांनी आपल्या घराची प्रतिकृती रंगवली. दोन वर्षांनी, 1991 मध्ये, बीएमडब्ल्यू कंपनीने त्यांच्याकडून एक मोटारगाडी रंगवून घेतली. त्या मालिकेत गाडी रंगवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. जगभर फिरूनही त्या आपल्या गावी परतल्या आणि अंगणात मुलींना शिकवू लागल्या. पट्टी न वापरता, पिसांच्या कुंचल्याने, सरळ रेष कशी ओढावी, हे तेथे शिकवले जाते. वारली आणि न्देबेले या दोन्ही परंपरांत मूळ हात स्त्रीचा, मूळ कागद म्हणजे भिंत आणि मूळ निमित्त घरातले. फरक इतकाच की डहाणूत ही विद्या बाजारापर्यंत प्रथम एका पुरुषाने नेली. न्देबेलेंमध्ये ती स्त्रीनेच नेली आणि पुन्हा मुलींच्या हाती दिली.

याहून वेगळी आणि व्यापाऱ्याने लक्ष देऊन वाचावी अशी गोष्ट टांझानियातील आहे. एडवर्ड सैदी टिंगाटिंगा हा देशाच्या दक्षिण भागातील गरीब तरुण. तागासारखा धागा देणाऱ्या सायसलच्या मळ्यांत काम केल्यावर तो दार-एस-सलामला आला. हातात जे पडेल ते काम करीत असतानाच 1968 च्या सुमारास त्याने चित्रे काढण्यास सुरुवात केली. कॅनव्हास परवडत नव्हता, म्हणून छताला लावायच्या हार्डबोर्डचे चौकोनी तुकडे घेतले. चित्रकाराचे रंग परवडत नव्हते, म्हणून सायकलला लावायचा चमकदार एनॅमल रंग घेतला. हत्ती, बिबट्या, मोर, बगळे. मोठे डोळे, ठिपक्यांचे अंग, सपाट पार्श्वभूमी. परदेशी लोकांच्या वस्तीतील मोरोगोरो स्टोअर्स या दुकानाच्या बाहेर, झाडाखाली, तो आपली चित्रे मांडून बसे.

चित्रे खपू लागली, तेव्हा टिंगाटिंगाने नातलगांना आणि गावाकडच्या तरुणांना बोलावून हाताखाली घेतले. हे सारे अवघ्या चार वर्षांचे. 1972 मध्ये पोलिसांनी त्याला पळणारा चोर समजून गोळी घातली आणि तो मरण पावला.

पेढीचा मालक असा अकाली गेला तर बहुतेक पेढ्या बंद होतात. ही बंद झाली नाही. शिष्य त्याच परिसरात चित्रे काढीत राहिले, त्यांनी नवे शिष्य घेतले, आणि 1990 मध्ये टिंगाटिंगा कला सहकारी संस्था नोंदवली गेली. आता ‘टिंगाटिंगा’ हे एका माणसाचे नाव राहिलेले नाही, ते एका शैलीचे नाव झाले आहे, आणि दार-एस-सलामपासून झांझिबारच्या पर्यटन-बाजारापर्यंत असंख्य घरे त्यावर पोट भरतात.

या यशाला दुसरी बाजू आहे. एकाचे चित्र खपले की तेच चित्र दहाजण काढतात. हाताने काढलेली नक्कल, मग नकलेची नक्कल. पर्यटकाला सारी सारखीच दिसतात, म्हणून भाव पडतो. भाव पडला म्हणून चित्र लवकर उरकावे लागते. उरकल्याने दर्जा घसरतो आणि भाव आणखी पडतो. मंदीच्या बाजारात माल ओतणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला हे चक्र ओळखीचे वाटेल. टिकून राहिले ते चित्रकार ज्यांनी स्वतःचे वेगळे काही काढले, चित्रावर स्वतःची सही केली आणि गिऱ्हाइकाला ती सही ओळखायला शिकवले. थोडक्यात, ज्यांनी आपल्या नावाची पत निर्माण केली.

नैरोबीची पेढी, तामालेचे बारदान

पूर्व आफ्रिका जैन व्यापारी कुटुंबांना परकी नाही. जामनगरकडच्या हालारी वीसा ओसवालांची घरे शंभर वर्षांहून अधिक काळ नैरोबी, मोंबासा, थिका येथे नांदत आहेत. मोंबासाचे पार्श्वनाथ देरासर समाजात सर्वांना ठाऊक आहे. तेथील दुकानदारीच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. त्याच मातीतील, भारताशी रक्ताचे नाते असलेल्या एका माणसाची कथा मात्र कमी जणांना माहीत असते.

जोसेफ मुरुंबी यांचा जन्म 1911 चा. वडील गोव्याचे व्यापारी, आई मासाई. शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना भारतात पाठवले. बंगळूर आणि बळ्ळारी येथे त्यांचे शालेय दिवस गेले. पुढे ते केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले, परराष्ट्रमंत्री झाले, आणि 1966 मध्ये काही महिने उपराष्ट्राध्यक्षही होते. पद सोडल्यावर त्यांनी राजकारणाकडे पाठ फिरवली आणि पत्नी शीला यांच्यासह आयुष्यभर जमवलेल्या आफ्रिकी शिल्प, वस्त्र, दागिने, ग्रंथ यांत लक्ष घातले. 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकन मित्र ॲलन डोनोव्हन यांच्या साथीने त्यांनी नैरोबीत ‘आफ्रिकन हेरिटेज’ हे कलादालन उभारले.

हे दालन म्हणजे एक पेढीच होती. आफ्रिका खंडातील अनेक देशांतून माल येई, परदेशांत निर्यात होई, आणि शिल्पकार, विणकर, मणी ओवणारे, शिंपी अशांच्या हातांना काम मिळे. मासाई मातेच्या मुलाने आफ्रिकेची वस्तू ‘जंगली कुतूहल’ म्हणून न विकता कला म्हणून विकली, आणि तिला तसाच भाव मागितला. आपला संग्रह त्यांनी अखेर केनियाच्या शासनाकडे सोपवला. आज त्यातील मोठा भाग नैरोबीत राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीत पाहता येतो. योगायोग असा की ही इमारत एके काळी नॅशनल बँक ऑफ इंडियाची होती. ज्या जागी वसाहतकाळात हुंड्या आणि ठेवींचे व्यवहार होत, तेथे आता एका खंडाची कला ठेव म्हणून जपली आहे.

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाचे इब्राहिम महामा हे याच्याही पुढच्या पिढीतले. जन्म 1987 चा, देशाच्या उत्तरेकडील तामाले शहरात. त्यांच्या कलेचे साहित्य दाणाबंदरातील प्रत्येक मुनीम ओळखेल: तागाचे बारदान. ही पोती आशियात तयार होऊन घानात येतात, त्यांतून कोकोच्या बिया निर्यात होतात, मग तीच पोती धान्यासाठी, आणि फाटू लागली की कोळशासाठी वापरली जातात. महामा बाजारात जाऊन नवी गोणी देतात आणि मळकी, ठिगळे लावलेली, व्यापाऱ्यांच्या खुणा असलेली जुनी गोणी घेतात. मदतनिसांचे जथे बसवून ती एकमेकांना शिवून घेतात आणि त्या प्रचंड गोधडीने इमारतीच्या इमारती झाकतात. 2015 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत अशी गोणपाटाची लांबच लांब भिंत जगाने पाहिली. पोत्यावरचे डाग, शिक्के, शिवण यांतून एका मालाचा सारा प्रवास वाचता येतो: कोणी भरले, कोणी वाहिले, किती वेळा हात बदलले. त्यांच्या छायाचित्रांत उत्तरेकडून मजुरीला आलेल्या स्त्रियांचे हात दिसतात. परमुलखात काही बरेवाईट झाले तर ओळख पटावी म्हणून त्या हातांवर नाव गोंदलेले असते.

कामाला जगभर मोठी किंमत येऊ लागल्यावर महामांनी तो पैसा तामालेत आणला. 2019 मध्ये तेथे समकालीन कलेचे केंद्र उघडले, पाठोपाठ शहराबाहेर लाल विटांचे विस्तीर्ण कलासंकुल उभे राहिले. जुनी विमाने आणि रेल्वेचे डबे आणून तेथे ठेवले आहेत. शाळकरी मुले त्यांत बसून शिकतात. नफ्याचा काही भाग गावात परत गुंतवावा आणि त्यातून पुढची पिढी उभी राहावी, हा धर्मशाळा, पांजरपोळ आणि वाचनालये बांधणाऱ्या समाजाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

घेणाऱ्याची जबाबदारी

गंजाड, न्देबेले अंगण, दार-एस-सलामचे झाड, नैरोबीचे दालन, तामालेचे संकुल: या पाच ठिकाणी कलेभोवती माणसे गोळा झाली, कारण कोणीतरी करणाऱ्याचे नाव राखले आणि मिळालेल्या दामात इतरांचा वाटा ठेवला. जेथे नाव पुसले गेले तेथे फक्त नमुना उरला. आणि नमुना छापायला माणूस लागत नाही, यंत्र पुरते.

हा प्रश्न खारघरच्या बैठकीच्या भिंतीपुरता नाही. कापड, कागद, भेटवस्तू, फरशी, पॅकिंग अशा व्यवसायांत असलेल्या कितीतरी कुटुंबांच्या मालावर वारली आणि आफ्रिकी नक्षी छापली जाते. त्यांनी काही व्यावहारिक गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्यासाठी आदिवासी युवा सेवा संघाने पुढाकार घेतला. हे मानांकन त्या प्रदेशातील समाजाचे नाव जपते. चित्रकाराचा वैयक्तिक हक्क मात्र कॉपीराइट कायद्याने जपला जातो. वर्तुळ-त्रिकोणाची सर्वसाधारण शैली कोणा एकाची मालमत्ता नसते. विशिष्ट चित्र असते. त्या चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे जिव्या सोमा म्हसे यांचे एखादे चित्र परवानगीवाचून चादरीवर छापणे 2078 अखेरपर्यंत बेकायदा ठरेल. चित्र विकत घेतले म्हणजे ते छापण्याचा हक्कही आला, ही समजूत चुकीची आहे. त्यासाठी वेगळा लेखी करार लागतो. आणखी एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या रकमेत वाटा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा दहा टक्के आहे.

कायद्याच्या आधीही एक हिशोब आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत खोट्या मापाबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’ही मोजला आहे: अस्सलाच्या जागी नकली माल चालवणे. ‘तदाहृतादान’ हा त्यातलाच दुसरा अतिचार: चोरून आणलेली वस्तू विकत घेणे. शास्त्रकारांनी चोरणाऱ्याइतकेच घेणाऱ्याकडेही बोट दाखवले आहे, हे येथे विसरता येणार नाही. निनावी नकलेचा बाजार घेणाऱ्याच्या जोरावरच चालतो.

म्हणून खरेदीचा सोपा रिवाज घालून घेता येईल. बेलापूरच्या हाटात किंवा प्रत्यक्ष डहाणूत चित्र घेताना काढणाऱ्याचे नाव, गाव आणि साल त्याच्याच हाताने मागे लिहून घ्यावे. सही नसेल तर मागावी. भाव पाडताना चित्राला किती दिवस लागले, हे आधी विचारावे. चार दिवसांच्या कामाला एका दिवसाची मजुरी सांगणाऱ्याला आपल्या पेढीवर कोणी उभे करणार नाही. पावती घ्यावी आणि जपून ठेवावी. नक्षी छापायची असेल तर चित्रकाराशी लेखी बोलणी करून प्रती-नगावर ठरावीक रक्कम द्यावी, आणि वेष्टनावर त्याचे नाव छापावे. नैरोबी-मोंबासाला पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी विमानतळावरच्या दुकानातून मुखवटा आणण्याऐवजी एखाद्या सहकारी संस्थेत किंवा कलादालनात जाऊन, नाव सांगणाऱ्या चित्रकाराकडून, लहानच का होईना, एक चित्र आणावे.

असे चित्र घरी आले की लहान मुले त्याविषयी विचारतात. छापील चित्राबाबत सांगायला किंमतीपलीकडे काही नसते. नाव असलेल्या चित्राबाबत मात्र सांगता येते: हे डहाणूच्या अमुक पाड्यावरच्या अमक्याने काढले, भात कापून झाल्यावर, घरच्या अंगणात, आणि याची जातभाई वाटावी अशी चित्रे समुद्रापलीकडे आफ्रिकेत, एका आजीबाईने नातींना शिकवली. पेढीच्या वहीत प्रत्येक खात्याच्या माथ्यावर नाव असते. भिंतीवरच्या चित्रालाही तेवढा मान मिळायला हरकत नाही.